ट्रिगर नेमका कुठे अडतो? टूलरूममधून रेंजवर आलेल्या माणसाचं टाचण

सांगलीतल्या आमच्या छोट्या दहा मीटर रेंजवर मुलं मला काका म्हणतात, सर म्हणत नाहीत. बरोबरच आहे, कारण मी कोच नाही. कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये उभं आयुष्य डाय बसवण्यात गेलं. भाची नेमबाजीत शिरली, तिला स्कूटरवरून सोडायला येऊ लागलो आणि एकदा तिच्या रायफलचा ट्रिगर हाताला लागला. दोन घासून बसवलेले पोलादी भाग, एक स्प्रिंग, एक पिन. म्हटलं, हे तर आपलंच काम!

२०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तेव्हापासून या भागात रेंजवर येणाऱ्या पालकांचं प्रमाण वाढलंय. कोल्हापूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला प्रोनची, म्हणजे पडून नेम धरण्याची, वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली होती. त्यामुळे मुलाच्या हातात रायफल देणं आता कुणाला वावगं वाटत नाही. पण महिन्याभरात प्रत्येक पालक एकच मागणी घेऊन येतो: "काका, ट्रिगर जरा हलका करून द्या की."

मी आधी विचारतो, आत्ता किती आहे? उत्तर येत नाही. म्हणून सुरुवात मोजण्यापासून. पण त्याच्याही आधी आत काय चालतं ते डोळ्यांपुढे आलं पाहिजे.

आत काय आहे

हॅमर (हवेची झडप उघडणारा ठोकळा) किंवा पिस्टन (हवा दाबणारा दट्ट्या) स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावायला बघत असतो. त्याला अडवून धरणाऱ्या खिट्टीला सिअर म्हणतात. बोटानं ट्रिगर दाबला की सिअर हॅमरच्या खाचेवरून सरकते, कडेला येते आणि सुटते. त्या सरकण्यात सगळं घर्षण आलं. सिअरवर जितका दाब, तितकं घर्षण. कोरडं पोलाद पोलादावर सरकताना घर्षणाचा गुणांक साधारण ०.६ ते ०.८ असतो, चांगलं वंगण असलं की तो ०.१ ते ०.२ वर येतो.

समजा सिअरवर २ किलोचा दाब आहे आणि गुणांक ०.१५. मग सिअर सरकवायला ३०० ग्रॅम लागतील. मधल्या तरफेनं हे पाच पटीनं कमी केलं तर बोटाला ६० ग्रॅम जाणवतील. ट्रिगरच्या परतीच्या स्प्रिंगचे ४० धरा, झाले १००. आता ग्रीस वाळून गुणांक ०.२५ झाला, तर त्याच रायफलचा ट्रिगर १४० ग्रॅमचा होतो. कुणी स्क्रू फिरवला नाही, काही मोडलं नाही, तरी रायफल "बदलली". मुलगा म्हणतो, काल बरी लागत होती. खरंच बरी लागत असेल.

इथे एक गोष्ट अनेकांना पटत नाही. सिअर खाचेत जास्त खोल बसली म्हणून ट्रिगर जड होत नाही. घर्षण दाबावर अवलंबून असतं, किती क्षेत्रफळ एकमेकांना टेकलंय यावर जवळजवळ नाहीच. खोल बसल्यानं वाढतं ते सरकण्याचं अंतर. त्या रखडत जाण्याला रेंजवर क्रीप म्हणतात. बोटाला ते जड वाटतं, कारण बोट वजनाबरोबर वेळही मोजत असतं.

दुसरी गोष्ट कोनाची. खाच अशी घासलेली असली, की सिअर सुटताना हॅमरला किंचित मागे ढकलावं लागतं, तर ट्रिगर जड पण सुरक्षित. कोन सपाट असला तर हलका. आणि उलट्या बाजूला गेला तर हॅमरच सिअरला बाहेर ढकलू लागतो. मग रायफल धक्क्यानं, आदळल्यानं, कधी नुसती कॉक करताना, म्हणजे ताणून सज्ज करतानाही सुटते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

अडखळण्याचा हिशोब

स्थिर वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती हलती ठेवायला कमी लागतो. पावसाळ्यात जुन्या वाड्याचं दार फुगतं ते आठवा. ढकलतोय, ढकलतोय, हलत नाही. खांदा लावला की एकदम उघडतं आणि आपण उंबऱ्यावरून आत धडपडतो. खराब ट्रिगर अगदी असाच सुटतो. अडकतो, सुटतो, परत अडकतो. नेमबाजाचं बोट त्या दाराशी झटापट करत राहतं.

याची किंमत आकड्यात बघा. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि प्रत्येक कडं २.५ मिलिमीटरचं. म्हणजे ०.२५ मिलिमीटर सरकलात की ०.१ गुण गेला. समजा तुमचा होल्ड, म्हणजे रोखून धरलेला नेम, टार्गेटवर सेकंदाला १० मिलिमीटर वेगानं फिरतोय. सिअर सुटल्यापासून पेलेट, म्हणजे छर्रा, बाहेर पडेपर्यंत १० मिलिसेकंद गेले असं धरलं, तर सरकलं ०.१ मिलिमीटर. काहीच नाही. पण "आता" असं मनात आलं आणि ट्रिगर अडखळल्यानं शॉट १५० मिलिसेकंद उशिरा तुटला, म्हणजे सुटला, तर सरकलं १.५ मिलिमीटर. एका शॉटला ०.६ गुण! साठ शॉटची मॅच असते, हे लक्षात घ्या.

म्हणून लॉक टाइमवर, म्हणजे सिअर सुटल्यापासून हॅमर आदळेपर्यंतच्या वेळेवर, तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो. चांगल्या मॅच रायफलींमध्ये तो प्रश्न कंपनीनं सोडवून ठेवलेला असतो. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मनात आलं तेव्हा आणि रायफल सुटली तेव्हा, यात दर वेळी तेवढंच अंतर पडतं का?

ट्रिगर १५० ग्रॅमचा असेना का, दर वेळी १५० लाच तुटला तर बोट आठवड्याभरात शिकतं. ८० ग्रॅमचा ट्रिगर कधी ७० ला आणि कधी ११० ला तुटत असेल, तर बोट काय शिकणार? कप्पाळ!

मोजायचं कसं

बाटली आणि पाणी. हसू नका. औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, तोंडाला दोरा बांधा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला तारेचा आकडा करा. बाटली, दोरा, आकडा एकत्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, याहून सोपं वजन कुठे मिळणार?

रेंजवरच, जाणत्या माणसासमोर, हे करायचं. चेंबर रिकामं आहे हे स्वतः बघा, दुसऱ्याला दाखवा. मॅच रायफल ड्राय फायर मोडवर टाका, म्हणजे पेलेटशिवाय नुसता ट्रिगर तुटेल. नळी वर करून रायफल उभी धरा, कुणाच्याही अंगावर किंवा दिशेनं नको. आकडा ट्रिगरवर जिथे बोट टेकतं तिथेच अडकवा आणि सिरिंजनं बाटलीत हळूहळू पाणी सोडा. सुटलं की थांबा. पाण्याचे मिली अधिक बाटलीचं वजन. हे दहा वेळा करा आणि दहाही आकडे वहीत लिहा.

आता सरासरी काढायच्या आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. ९४, ९६, ९५, ९३ असे येत असतील तर ट्रिगरला हात लावू नका, घरी जा. ९२, ११८, ९५, १३० असं चाललंय, तर घर्षण कुठेतरी खोड्या करतंय. मला विचाराल तर ही दहा आकड्यांची ओळ हीच ट्रिगरची कुंडली.

स्प्रिंग-पिस्टनची रायफल असेल तर हा प्रयोग असा करू नका. त्या रायफली ड्राय फायर करायच्या नसतात. पुढे पेलेट नसला की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्हींचं आयुष्य घटतं. फायरिंग लाइनवर, वाळूच्या पिशवीवर आडवी ठेवून, पेलेट भरून, टार्गेटकडे तोंड करून छोट्या स्प्रिंगच्या काट्यानं सरळ मागे ओढा आणि आकडा वाचा. अचूकता कमी मिळते, पण काम भागतं. या रायफलींचे ट्रिगर मुळातच जड असतात, कारण तिथे सिअरला मुख्य स्प्रिंगचा सगळा भार धरून ठेवावा लागतो. हवेची टाकी असलेल्या पीसीपी रायफलमध्ये सिअर फक्त लहानसा हॅमर धरते. स्वस्त स्प्रिंग रायफलचा ट्रिगर मॅच रायफलसारखा करून द्या म्हणणं म्हणजे बैलगाडीला मोटारीचा क्लच मागणं.

मॅच एअर रायफलचे ट्रिगर सहसा १०० ग्रॅमच्या आसपास लावलेले आढळतात. एअर पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅमची किमान मर्यादा आहे आणि स्पर्धेत ती वजन लटकवून तपासतात. तेव्हा रायफलवाल्याचं ऐकून पिस्तुलाचा स्क्रू फिरवाल तर तपासणीच्या टेबलावरूनच परत याल.

बोट कुठे टेकतं

एका मुलीचे आकडे काट्यावर सुंदर येत होते आणि टार्गेटवर ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, पसरत होता. दोन दिवस बाजूला बसून बघितलं. तिचं बोट कधी ट्रिगरच्या मधोमध, कधी टोकाकडे. ट्रिगर ही तरफ आहे. पिनपासून बोट ३० मिलिमीटरवर असताना १०० ग्रॅम लागत असतील, तर ३४ वर ८८ च लागतात. चार मिलिमीटरनं बारा ग्रॅम गेले. तिच्या ट्रिगरच्या पात्यावर एक आडवी चिकटपट्टी लावून दिली, बस्स. पट्टीला बोट लागलं की जागा कळते.

तिरकं ओढणं याहून वाईट. बोट आत जास्त गेलं की ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला दाबला जातो. पातं घराच्या भिंतीला घासतं, पिनवर आडवा भार येतो, आणि जे घर्षण यंत्रात नव्हतं ते तुम्ही तयार करता. शिवाय नळीही त्या बाजूला ढकलली जाते. पहिल्या पेराचा गादीसारखा भाग, नखाच्या मध्याच्या समोर, आणि ओढ थेट मागे. उजव्या हाताच्या मुलांचे शॉट आडव्या रेषेत पसरत असतील तर आधी हे बघा, साइट (नेम धरायची खूण) नंतर.

साफसफाई, आणि खोबरेल

दहातल्या सात तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अंदाज. आपल्याकडे लोकांना तेलाचा भारी सोस. शिवणयंत्राचं तेल, सायकलचं तेल, आणि एका आजोबांनी खरंच खोबरेल घातलं होतं. डिसेंबरात सकाळी खोबरेलाची बाटली कशी गोठलेली असते, ते साताऱ्याच्या आणि सांगलीच्या लोकांना सांगायला नको. नातवाचा ट्रिगर सकाळी जड आणि दुपारी हलका, आणि आजोबा म्हणे रायफलवर नजर लागलीय.

जाड ग्रीसचंही थोडं असंच. थंडीत घट्ट होतं, उन्हाळ्यात पातळ होऊन धूळ धरतं. आणि आपल्या गावात धूळ कमी नाही. मार्केट यार्डाच्या बाजूनं येणाऱ्या एका मुलाच्या रायफलच्या पेटीत मला हळद सापडली होती. तेल अधिक धूळ म्हणजे लॅपिंग पेस्ट, धातू घासून झिजवणारी. टूलरूममध्ये आम्ही ती विकत आणायचो.

ट्रिगर युनिट रायफलमधून काढता येत असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं दिलं असेल, तर तेवढंच काढा. युनिट उघडू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडा. कापडाचा धागा अडकतो, म्हणून कापूस आणि चिंध्या लांब ठेवा. कंपनीनं सांगितलेलं वंगण सुईच्या टोकावर घेऊन फक्त सांगितलेल्या जागी लावा. काही युनिट कोरडीच चालवायची असतात, तिथे काहीही लावू नका. पीसीपीच्या हवेच्या मार्गात खनिज तेल अजिबात जाता कामा नये. दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

साफ केल्यावर पुन्हा दहा आकडे. ओळ सरळ झाली असेल तर पुढचा भाग वाचायचीही गरज नाही.

स्क्रूंचा क्रम

कुठला स्क्रू कशाचा ते तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमध्येच बघायचं. माझं सांगणं फक्त क्रमाबद्दल. आधी प्रत्येक स्क्रू आत्ता कुठे आहे त्याचा फोटो काढा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि वहीत नोंद. दोन स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला मी अ‍ॅलन की परत देत नाही.

पहिल्यांदा ओव्हरट्रॅव्हलचा, म्हणजे सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जाईल ते ठरवणारा, स्क्रू थोडा मागे घ्या, म्हणजे तो इतर मापांत लुडबुड करणार नाही. मग दुसऱ्या टप्प्याची जागा. मॅच ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो: आधी भिंतीपर्यंतची ओढ, मग सुटण्याची. बोट पहिला टप्पा ओलांडून थांबलं पाहिजे, भिंत लागल्यासारखं, आणि तिथून रखडत न जाता सुटलं पाहिजे. क्रीप कमी करताना लोभ आवरा. पकड फारच कमी ठेवली की सिअर कडेवर लटकते, कडा झिजते आणि एक दिवस धरतच नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर रिकामी रायफल कॉक करून बटवर तळहातानं टकटक करून बघा. सुटली, तर मागे या.

त्यानंतर वजन. दोन टप्प्यांत वाटणी कशी करायची हा आवडीचा भाग आहे. १०० पैकी ६० पहिल्या टप्प्यात आणि ४० दुसऱ्यात, असं मी नवख्यांना लावून देतो. पहिल्या टप्प्यात भरपूर वजन उचललं गेलं की भिंतीवर बोट विसावतं आणि सोडायला थोडंच उरतं. पण दुसरा टप्पा फार हलका ठेवला तर उत्तेजित झालेलं मूल भिंत ओलांडून जातं, विशेषतः स्पर्धेत हात गार पडल्यावर. तिथे बोटाला एवढंसं वजन कळतच नाही.

शेवटी ओव्हरट्रॅव्हल. स्क्रू आत घेत जा, रायफल सुटायची बंद होईल. मग मागे घ्या, सुटू लागेल. तिथून आणखी अर्धा फेरा मागे. हा अर्धा फेरा वाचवू नका. ट्रिगर फार लवकर अडवला तर सिअर पूर्ण बाजूला होत नाही, सुटून जाणारा हॅमर तिला घासत जातो, त्याचा जोर दर वेळी वेगळा पडतो आणि पेलेटचा वेगही. म्हणजे घर्षण सुटण्याआधी होतं ते आता सुटल्यानंतर आणून ठेवलंत.

मी केलेला गाढवपणा

हे लिहिल्याशिवाय वरचं सगळं लबाडी होईल. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपण मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस, सिअरला आरसा करून टाकू. एक जुनी क्लबची रायफल घेतली, ऑइलस्टोनवर सिअर घासली, पेस्टनं चमकवली. ट्रिगर लोण्यासारखा झाला. मुलं खूष, मी त्याहून खूष. काही आठवड्यांनी ती रायफल बोल्ट बंद करताना सुटली. नळी टार्गेटकडे होती म्हणून पेलेट भिंतीत गेला, आणखी काही नाही.

सिअरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो आणि पुष्कळदा तो कडक थर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकाच असतो. मी तो घासून काढला होता. खालचं मऊ पोलाद उघडं पडलं आणि कडा गोल झाली. हे मला, टूलरूमवाल्याला, ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. नवीन सिअर मागवली, पैसे खिशातून भरले.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघा. घोडीचा पृष्ठभाग इतका हळू घासतात की काही होतंय असं वाटतच नाही. मधूनच तार लावून ऐकतात, परत काढतात. एक हात जास्त पडला की सूर बसतो. त्या कारागिराच्या पाठीशी पिढ्या आहेत, आणि चुकलं तर त्याच्या हाती नुसता बसका सूर येतो. आपल्या हाती सुटणारी रायफल येते. म्हणून सिअर घासणं, स्प्रिंग कापणं, पिन बदलणं हे अधिकृत आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं, काम. पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसाची रायफल, तर परवान्याचं हत्यार आहे, त्याच्या आत हात घालायचा विषयच नाही.

ट्रिगर की होल्ड? ओळखायचं कसं

इतकं करून गुण वाढले नाहीत तर दोष ट्रिगरचा नव्हताच, असंही असू शकतं. त्यासाठी एक खेळ. मित्राला ट्रिगर तीन सेटिंगवर लावायला सांगा, उदाहरणार्थ ८०, ११० आणि १४० ग्रॅम, पण तुम्हाला सांगायचं नाही. क्रम त्यानं चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. प्रत्येक सेटिंगवर दहा शॉट, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. प्रत्येक शॉटनंतर टार्गेट बघायच्या आधी, शॉट तुटताना साइट कुठे होती ते बोलून दाखवा, मित्रानं लिहून घ्यायचं.

गुणांपेक्षा मला ही दुसरी यादी महत्त्वाची वाटते. बोललेलं आणि लागलेलं जुळत असेल, आणि शॉट बाहेर जात असेल, तर होल्डवर मेहनत करा. तुम्ही "मधोमध" म्हणालात आणि शॉट आठात गेला, तर ट्रिगर दाबताना काहीतरी घडलंय जे डोळ्यांनी पाहिलं नाही. आमच्या भाचीनं हा खेळ केला तेव्हा तिचा सगळ्यात चांगला ग्रुप १४० वर आला. तिला वाटत होतं तो ८० चा असणार. चिठ्ठी उघडल्यावर अर्धा तास माझ्याशी बोलली नाही.

रोजच्या सरावात पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं, टार्गेटशिवाय. साइटमध्ये लक्ष्यच नसल्यामुळे बोट घाई करत नाही आणि ट्रिगर तुटताना फोरसाइट (नळीच्या टोकाची साइट) हलते का ते स्पष्ट दिसतं. सुटल्यावर बोट लगेच पुढे सोडू नका. एक श्वासभर मागेच धरून ठेवा.

आणि ती वही रायफलच्या पेटीतच राहू द्या. आमच्याकडे दर पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर प्रत्येक रायफलचे दहा आकडे परत घेतात. या जूनमध्ये एकीची ओळ ९८, ९७, १२१ अशी निघाली. ब्रशनं झाडल्यावर आतून पेन्सिलला टोक काढल्यावर पडणारं बारीक लाकडाचं साल निघालं. ते तिथे कसं गेलं, यावर दोन भावंडं अजून भांडतायत.